कंपनीची दंतविमा योजना: तीन वर्षांच्या वापरानंतर

आमच्या कारखान्यात तीन वर्षांपूर्वी कर्मचाऱ्यांसाठी समूह दंतविमा योजना सुरू झाली. या काळात मी ती दोन बाजूंनी पाहिली आहे. स्वतःच्या दाढेसाठी मी क्लेम केला आहे, आणि कल्याण समितीची सदस्य असल्यामुळे नामंजूर झालेले क्लेम आणि त्यांवरच्या तक्रारी दर तीन महिन्यांनी माझ्यासमोर येतात. विमा कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण समितीने आणखी दोन कंपन्यांची कागदपत्रे मागवून पाहिली तेव्हा कलमे थोड्याफार फरकाने तीच निघाली. योजनेला पाचपैकी तीन गुण द्यावेत असे माझे मत आहे. त्या तीनपैकी निम्मे तरी गुण पॉलिसीच्या कागदात कुठेही नसलेल्या एका गोष्टीचे आहेत, आणि तिच्याकडे मी पुढे सविस्तर येणार आहे.

योजनेची रचना समजायला कठीण नाही. उपचारांचे तीन गट पाडलेले आहेत. तपासणी, एक्स-रे आणि दात साफ करणे या पहिल्या गटाचा पूर्ण खर्च विमा कंपनी देते. दात भरणे, साधा दात काढणे आणि रूट कॅनल हा दुसरा गट असून त्याचे ८० टक्के मिळतात. कॅप, ब्रिज (पडलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात) आणि कवळी यांचा तिसरा गट आहे आणि त्यात निम्मी रक्कम मिळते. पहिला गट सोडून बाकीच्या उपचारांत वर्षातून एकदा ठरावीक रक्कम आधी स्वतः भरावी लागते, आणि विमा कंपनी एका माणसामागे एका वर्षात एकूण किती देणार याची वरची मर्यादा बांधलेली आहे. नव्या कर्मचाऱ्याला दुसऱ्या गटासाठी सहा महिने आणि तिसऱ्या गटासाठी एक वर्ष थांबावे लागते. कर्मचाऱ्याचा स्वतःचा हप्ता कंपनी पूर्ण भरते. पती, पत्नी किंवा मुलांना योजनेत घ्यायचे असेल तर त्यांचा हप्ता पगारातून कापला जातो. शंभर, ऐंशी, पन्नास ही विभागणी आमच्या कंपनीने शोधून काढलेली नाही. नोकरीतून दंतविमा मिळण्याची पद्धत जेथे जुनी आहे, तेथे ती वर्षानुवर्षे रूढ आहे. या पद्धतीचा उगमही लक्षात ठेवण्याजोगा आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगारांची संघटना आणि मालकांची संघटना यांच्या सामाईक कल्याण निधीतून १९५४ साली कामगारांच्या मुलांच्या दातांवर उपचार करण्याची योजना आखली गेली आणि त्यासाठी वॉशिंग्टन, ओरेगन आणि कॅलिफोर्निया या राज्यांतील दंतवैद्यांच्या संघटनांकडे विचारणा झाली. आजच्या दंतविम्याची सुरुवात साधारणपणे तेथून धरली जाते. म्हणजे आरंभी आधी मुले होती; आमच्याकडे मात्र मुलांचाच हप्ता पगारातून जातो.

ही योजना विमा या नावाने ओळखली जात असली, तरी विम्याचे मूळ काम ती करत नाही, हे मला पहिल्या वर्षाच्या अखेरीस कळले. घराला आग लागणे किंवा हृदयविकाराचा झटका येणे क्वचित घडते, पण घडले की माणूस कर्जबाजारी होतो. अशा धोक्यासाठी अनेकांनी थोडे थोडे भरून एकाला सावरायचे, हा विम्याचा अर्थ. दातांचे दुखणे अगदी वेगळे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता आजार आहे. जे जवळपास निम्म्या माणसांना होते आणि ज्याचा खर्च बराचसा आधी सांगता येतो, त्याचा विमा उतरवायचा म्हणजे आपलेच पैसे आधी भरून, त्यातून दुसऱ्याचा कार्यालयीन खर्च वजा करून, उरलेले परत घेण्यासारखे आहे. त्यात वरची मर्यादा अशी उलटी बसवलेली आहे की छोटा खर्च विमा कंपनी उचलते आणि मोठा खर्च आला की ती बाजूला होते. आरोग्यविम्यात आपण सुरुवातीचा थोडा भार सोसतो आणि पुढचा विमा कंपनी सोसते. येथे सुरुवातीचा भार तिचा आणि पुढचा सगळा आपला.

माझ्या स्वतःच्या दाढेचा हिशेब मांडला म्हणजे हे नीट लक्षात येईल. रकमा न देता प्रमाण सांगते: वर्षाची मर्यादा शंभर धरा. डावीकडच्या खालच्या दाढेला रूट कॅनल करावे लागले, त्याचा खर्च चाळीस आला. त्यावरच्या कॅपचा साठ. बिल झाले शंभर, म्हणजे मर्यादेइतकेच, आणि ऐंशी व पन्नास टक्क्यांच्या हिशेबाने बासष्ट तरी मिळतील अशी माझी अपेक्षा होती. आले अठ्ठेचाळीस. वर्षाच्या सुरुवातीची स्वतः भरायची पाच एवढी रक्कम रूट कॅनलमधून वजा झाली आणि उरलेल्या पस्तिसाचे ऐंशी टक्के म्हणजे अठ्ठावीस मिळाले. कॅपच्या बाबतीत पॉलिसीतले ‘पर्यायी किफायतशीर उपचार’ हे कलम पुढे आले. मागच्या दाढेला धातूची कॅप पुरेशी असते, दाताच्या रंगाची कॅप ही रुग्णाची हौस आहे, असे विमा कंपनीचे म्हणणे. म्हणून तिने धातूच्या कॅपची किंमत चाळीस धरली आणि तिचे निम्मे, म्हणजे वीस दिले. कलम छापलेले होते, फसवणूक कोणी केली नाही. परंतु ते तेविसाव्या पानावर होते, आणि दाढ ठणकत असताना तेवीस पाने वाचणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

त्याच वर्षी उजव्या बाजूच्या दाढेलाही तेच करावे लागेल असे डॉक्टरांनी सांगितले. मर्यादेतले अठ्ठेचाळीस संपले होते, दोन वेळा दात साफ केले त्याचे आठ त्यातच मोजले गेले होते, आणि राहिले होते चव्वेचाळीस. डॉक्टरांनी सहज सुचवले, “रूट कॅनल आत्ता करून घ्या आणि कॅप पॉलिसीचे नवे वर्ष लागल्यावर बसवा, बरेच जण असेच करतात.” मीही तसेच केले आणि चार महिने त्या बाजूने काही चावले नाही. रूट कॅनल झालेली दाढ कॅपशिवाय ठिसूळ राहते, तिचा एखादा कोपरा तुटू शकतो, आणि तडा खालपर्यंत गेला तर दाढ काढूनच टाकावी लागते. माझी वाचली. आमच्या स्टोअरमधल्या एका सहकाऱ्याची वाचली नाही. त्याने पाच महिने वाट पाहिली, दाढ उभी चिरली आणि ती काढावी लागली. आता तेथे इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवलेला कृत्रिम दात, बसवायचे तर ते योजनेत नाही. पॉलिसीचे वर्ष कोणत्या महिन्यात उलटते याच्याशी दाढेचा काही संबंध नसतो, पण उपचाराचे वेळापत्रक तोच महिना ठरवतो.

तारखांचा जाच याहून बारीक आहे. दात साफ करणे सहा महिन्यांतून एकदा, असे पॉलिसीत लिहिलेले आहे. माणूस हे वाचून वर्षातून दोनदा असा अर्थ घेतो. क्लेम तपासणारी संस्था मात्र सहा महिने पूर्ण झाले की नाही ते दिवस मोजून पाहते. आमच्या विभागातील एकीला दोन दिवस आधीची वेळ मिळाली म्हणून ती गेली आणि पूर्ण बिल तिच्या माथी पडले. समितीने पत्रव्यवहार केला. उत्तर आले की प्रणालीत तशी सोय नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते की तारीख घेताना सहा महिन्यांवर एक आठवडा मोजूनच घ्यावी.

पूर्वमंजुरीची सोय मात्र खरोखर चांगली आहे आणि तिचा वापर फारच कमी होतो. मोठा उपचार सुरू करण्याआधी डॉक्टरांनी एक्स-रे आणि खर्चाचा अंदाज पाठवला, तर विमा कंपनी किती देणार ते आठ-दहा दिवसांत लेखी कळवते. दुसऱ्या दाढेच्या कॅपच्या वेळी मी ते केले आणि मला आधीच कळले की कोणत्या कॅपला किती मिळतील. त्या कागदाच्या आधारे डॉक्टरांशी बोलता आले आणि त्यांनीही दर थोडा कमी केला. ज्यांना ठणका लागलेला नाही त्यांनी पूर्वमंजुरीशिवाय दुसऱ्या किंवा तिसऱ्या गटातील कोणताही उपचार सुरू करू नये. ठणका लागलेल्या माणसाला आठ दिवस थांबा असे सांगण्याची माझी छाती नाही.

नेटवर्कच्या, म्हणजे योजनेशी जोडलेल्या दवाखान्यांच्या, यादीबद्दल थोडक्यात सांगते. यादीतील सहा ठिकाणी मी दूरध्वनी केला. दोघांनी योजना सोडली होती आणि एका ठिकाणी दवाखानाच बंद झालेला होता. उरलेल्यांपैकी एका डॉक्टरांचे काम उत्तम आहे, पण त्यांच्याकडे संध्याकाळची वेळ दीड महिन्यानंतरची मिळते.

आता त्या गोष्टीकडे येते जिच्यामुळे ही योजना मी पूर्णपणे नापास करत नाही. पहिल्या वर्षाच्या शेवटी समितीपुढे आकडे आले तेव्हा असे दिसले की कार्यालयातील बहुतेकांनी निदान एकदा तपासणी करून घेतली होती, पण उत्पादन विभागातील फारच थोड्यांनी, आणि रात्रपाळीतील जवळपास कोणीच नाही. तपासणी पूर्णपणे मोफत असताना हे असे का, यावर बैठकीत बरीच चर्चा झाली. लोकांमध्ये जागरूकता नाही, असा निष्कर्ष काढून भिंतीवर फलक लावण्याचे ठरले. फलक लागले. दात घासण्याची योग्य पद्धत दाखवणारे ते चित्र अजून जिन्यात आहे. मी पॅकिंगमधल्या एका ज्येष्ठ ऑपरेटरना, ज्यांचा गाल दर दोन-तीन महिन्यांनी सुजलेला मी पाहत होते, सरळ विचारले. ते म्हणाले, “मॅडम, फुकट आहे ते मला माहीत आहे. पण दवाखाना उघडतो तेव्हा मी लाइनवर असतो आणि मी सुटतो तेव्हा तो बंद असतो. अर्धा दिवस रजा टाकली की अर्ध्या दिवसाचा पगार जातो, आणि महिन्याचा हजेरी बोनस जातो तो वेगळाच. मग फुकट ते कसले?” त्यांनी वेदनाशामक गोळीची पट्टी खिशातून काढून दाखवली. त्या दिवसापर्यंत माझ्या डोक्यात हजेरी बोनस आणि दंतविमा हे दोन विषय कधी एकत्र आले नव्हते, आणि मी हिशेब विभागात काम करते.

दुसऱ्या वर्षी समितीने दोन मागण्या लावून धरल्या. पाळी चालू असताना दातांच्या तपासणीसाठी वर्षातून दोनदा दोन तासांची भरपगारी सुटी द्यावी आणि ती हजेरी बोनससाठी गैरहजेरी धरू नये, ही पहिली. फिरता दंतदवाखाना आवारात आणावा, ही दुसरी. दोन्ही मान्य झाल्या, आणि दोन्हींचा पॉलिसीशी काही संबंध नाही. मोठ्या बसच्या आकाराची ती गाडी मालाच्या फाटकाशेजारी चार दिवस उभी होती आणि त्यांतले दोन दिवस ती रात्री अकरापर्यंत चालू ठेवली होती. आत उपचाराची एक खुर्ची, हातात धरून वापरायचे एक्स-रे यंत्र, पाण्याच्या दोन टाक्या आणि मागच्या बाजूला ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने अवजारे निर्जंतुक करणारे यंत्र, होते. मी मुद्दाम विचारून घेतले: अवजारे १३४ अंश सेल्सिअसवर निर्जंतुक होतात आणि प्रत्येक पाकिटावरची रंग बदलणारी पट्टी रुग्णासमोरच दाखवली जाते. ते ज्येष्ठ ऑपरेटर पहिल्याच रात्री जेवणाच्या सुटीला लागून आले. पायरीवर थोडा वेळ थांबले, टोपी काढून हातात धरली आणि आत गेले. अकरा वर्षांनी त्यांनी दंतवैद्यासमोर तोंड उघडले होते. एका दाढेच्या मुळाशी जुना पू होता, हिरड्यांची स्थिती वाईट होती, आणि गाडीतल्या डॉक्टरांनी त्यांना रक्तातील साखर तपासायला सांगितले. हिरड्यांचा आजार आणि मधुमेह एकमेकांना बळ देतात, ही डॉक्टरांना नवी गोष्ट नाही. साखर वाढलेलीच निघाली. दोन वर्षे त्यांच्या नावाचा हप्ता कंपनी न चुकता भरत होती, आणि विमा कंपनीच्या खात्यात ते एक फायदेशीर सभासद म्हणून नोंदलेले असणार.

गाडीत सगळेच गोड होते असे नाही. पहिल्या दिवशी ती बरोबर मनुष्यबळ विभागाच्या खिडकीसमोर लावली होती आणि दुपारपर्यंत तिकडे कोणी फिरकले नाही. आपल्या तोंडातला अहवाल साहेबांकडे जातो, तंबाखू खाणाऱ्यांची नावे कळवली जातात, अशी कुजबुज होती. गाडी फाटकाकडे हलवली आणि तपासणीचा कागद फक्त रुग्णाच्या हातात मिळेल, कंपनीला केवळ एकूण संख्या कळेल, असे लेखी लावले तेव्हा रांग लागली. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. गाडी चालवणाऱ्या संस्थेचे शहरात स्वतःचे दवाखाने आहेत आणि गाडीत निघालेला उपचार तेथे केला की तिचे उत्पन्न वाढते. माझ्या एका सहकारिणीला सहा दात भरायला सांगितले गेले. तिने दुसऱ्या डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, दोन भरा, बाकीच्या चार ठिकाणी कीड नुसती सुरू झाली आहे, फ्लोराइड लावून लक्ष ठेवले तरी पुरे. दोघांपैकी कोण बरोबर हे मी ठरवू शकत नाही. परंतु ज्याने तपासायचे त्यानेच पुढचे काम घ्यायचे, ही व्यवस्था बदलायला हवी असे मी समितीत नोंदवले आहे.

हा प्रश्न केवळ त्या गाडीपुरता नाही. दंतवैद्याला पैसे कशाचे मिळतात यावर रुग्णाला काय सुचवले जाईल हे बरेच अवलंबून असते. कामागणिक पैसे मिळाले तर काम जास्त निघते. दुसऱ्या एका विमा कंपनीने आम्हांला स्वस्त पर्याय दिला होता, ज्यात डॉक्टरला प्रत्येक सभासदामागे दरमहा ठरावीक रक्कम मिळते, मग सभासद येवो न येवो. तेथे मर्यादा नाही, क्लेमचे कागद नाहीत, ऐकायला फार सोयीचे. पण त्यात डॉक्टरला रुग्ण न येण्यातच लाभ असतो, आणि आमच्या रात्रपाळीतले लोक तर आधीच येत नव्हते. तिसरा मार्ग मला सर्वांत सरळ वाटतो: विमा कंपनीला मध्ये न घेता मालकाने स्वतः निधी बाजूला ठेवावा, कर्मचाऱ्याने हव्या त्या डॉक्टरकडे जावे आणि बिल दाखवून ठरलेला हिस्सा परत घ्यावा. दातांचा एकूण खर्च दरवर्षी फारसा वरखाली होत नाही आणि एका माणसाचे बिल कंपनीला बुडवत नाही, त्यामुळे मध्यम आकाराच्या मालकालाही हा धोका स्वतः पेलता येतो. आमच्या व्यवस्थापनाने हा प्रस्ताव बाजूला ठेवला. कारण असे दिले की बिले तपासायला माणूस लागेल. कारण अगदीच खोटे नाही, कारण तो माणूस बहुधा मीच असेन.

प्रतीक्षा कालावधीबद्दल विमा कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे. योजना ऐच्छिक असेल तर ज्याची दाढ आधीच किडली आहे तोच नाव नोंदवतो, कॅप बसवतो आणि पुढच्या वर्षी बाहेर पडतो. अशाने हप्ता चढत जातो आणि धडधाकट दातांची माणसे निघून जातात. म्हणून वर्षभर थांबवणे समजण्यासारखे आहे. पण आमच्याकडे प्रत्येक कायम कर्मचारी पहिल्या दिवसापासून आपोआप सभासद होतो, निवड कोणाच्याच हातात नाही, तरीही तोच कालावधी लावलेला आहे. याचे समाधानकारक उत्तर मला तीन वर्षांत मिळाले नाही. नोकरीवर येण्याआधी पडलेल्या दाताच्या जागी ब्रिज मिळणार नाही, हे कलमही त्याच जातीचे.

नियमितपणा वाढावा यासाठी कालावधीपेक्षा चांगला उपाय जर्मनीत आहे. तेथे सार्वजनिक आरोग्यविम्याचा हप्ता मालक आणि कर्मचारी सारखा वाटून घेतात, आणि कॅप, ब्रिज किंवा कवळी यांसाठी नेमून दिलेल्या साध्या उपचाराच्या खर्चाचे ६० टक्के अनुदान मिळते. सलग पाच वर्षे दरवर्षी तपासणी केल्याची नोंद वहीत असेल तर ते ७० टक्के होते, दहा वर्षांची असेल तर ७५. म्हणजे तपासणीला जाण्याचे बक्षीस नेमके मोठ्या खर्चाच्या वेळी हातात पडते. फ्रान्सने मालकाचा वाटा कायद्याने ठरवला: १ जानेवारी २०१६ पासून खासगी क्षेत्रातील मालकाला कर्मचाऱ्यांसाठी पूरक आरोग्यविमा घ्यावाच लागतो आणि त्याचा किमान निम्मा हप्ता भरावा लागतो, २०२० पासून ठरावीक प्रकारच्या कॅप आणि ब्रिजसाठी तेथील रुग्णाला खिशातून काही द्यावे लागत नाही. आमच्या पॉलिसीत कॅप हा सर्वांत कमी टक्क्यांचा गट आहे.

सर्वांत कटू प्रकरण मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. आमच्या प्लेटिंग विभागात, म्हणजे जेथे धातूवर मुलामा चढवतात तेथे, आम्लाच्या टाक्या आहेत. तेथे चौदा वर्षे काम केलेल्या एका कामगाराचे वरचे पुढचे चार दात कडेला काचेसारखे पातळ झाले आहेत, थंड पाणी लागले तरी कळ जाते. सल्फ्युरिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेत उभे राहणाऱ्याच्या पुढच्या दातांचे आवरण झिजते, ही औद्योगिक आरोग्यातली जुनी माहिती आहे. त्याचा क्लेम नामंजूर झाला, शेरा होता: ‘झीज; योजनेत समाविष्ट नाही.’ पॉलिसीत झिजेचे उपचार वगळलेले आहेत हे खरे, पण हा क्लेम मुळात दंतविम्याकडे जायलाच नको होता. १९५२ च्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सामाजिक सुरक्षेच्या किमान मानकांच्या करारात कामामुळे झालेल्या इजेच्या वैद्यकीय मदतीत दातांचे उपचार स्पष्टपणे धरलेले आहेत. जपानमध्ये तर अशा आम्लांच्या वाफेत काम करणाऱ्यांची दर सहा महिन्यांनी दंतवैद्याकडून तपासणी करणे मालकावर बंधनकारक आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून कामगारांची संख्या कितीही कमी असली तरी त्याचा अहवाल सरकारला द्यावा लागतो. आमच्याकडे त्या माणसाला पन्नास टक्क्यांच्या गटात बसवायचे की ऐंशीच्या, यावर पत्रे लिहिली गेली. दंतविमा चालू असल्याचा हा एक अनपेक्षित तोटा आहे: मालकाची जबाबदारी असलेली गोष्ट सवलत म्हणून सरकवायला एक सोयीची जागा मिळते. समितीने आता तो अर्ज कामावरील इजेच्या भरपाईखाली नव्याने दाखल केला आहे. टाक्यांवरचे पंखे प्रत्यक्षात किती हवा खेचून घेतात याचीही मोजणी मागितली आहे; दातांवर नुसत्या कॅप बसवून वाफ तशीच ठेवण्यात अर्थ नाही.

कंत्राटी कामगार या योजनेत नाहीत. गाडी आली तेव्हा तिच्या पाण्याच्या टाक्या भरून देणारे दोघेही कंत्राटीच होते. डॉक्टरांनी त्यांतल्या एकाला दोन मिनिटे खुर्चीत बसवून पाहिले, पण नोंद करता आली नाही.

योजना निवडायची असलेल्या दुसऱ्या कंपन्यांच्या समित्यांनी माझ्या मते टक्क्यांचा तक्ता बाजूला ठेवून आधी पुढच्या गोष्टी विचाराव्यात. वर्षाची मर्यादा शेवटची कधी वाढवली होती? अमेरिकेत ही मर्यादा कित्येक दशके जवळपास जागच्या जागी आहे आणि उपचारांचे दर मात्र थांबलेले नाहीत. आमच्या पॉलिसीत तीन वर्षांत हप्ता दोनदा वाढला, मर्यादा एकदाही नाही. तपासणी आणि दात साफ करण्याचा खर्च त्या मर्यादेत मोजला जातो का? सगळेच आपोआप सभासद असतील तर प्रतीक्षा कालावधी कशासाठी? आणि पाळीतल्या माणसाने कोणत्या वेळी जायचे, त्या वेळेचा पगार कोण देणार? शेवटचा प्रश्न विमा कंपनीला विचारून उपयोग नाही, तो व्यवस्थापनाला विचारावा लागतो, आणि शक्यतो करारावर सही होण्याआधी.

आमच्या पॉलिसीचे नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. विमा कंपनीने हप्ता वाढवून मागितला आहे, आणि कारण असे दिले आहे की गेल्या वर्षी उत्पादन विभागातून क्लेमची संख्या अचानक वाढली.